जखम वेल्ह्यात, मलमपट्टी पुण्यात

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकास सह्याद्रीच्या कुशीत वसलेले भोर आणि वेल्हे हे तालुके इतरांना पाणी पुरविणारे तालुके म्हणून ओळखले जातात. वेल्ह्यातील पानशेत व वरसगाव येथील धरणांचे पाणी खडकवासल्यामार्गे पुणे शहराची तहान भागविते. भोरमधील भाटघर व नीरा-देवघर धरणांचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटण आणि त्याहीपलीकडचे उसाचे मळे भिजविते. हे पाणी ज्या वाटेने खाली उतरते त्याच वाटेने येथील माणसेही उतरतात. तरुण कामधंद्यासाठी उतरतात, मुले शिक्षणासाठी उतरतात आणि आजारी माणसे उपचारासाठी उतरतात. पहिल्या दोन प्रकारच्या स्थलांतरांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. तिसऱ्या प्रकाराची मोजदाद मात्र कोणी ठेवीत नाही.

या तिसऱ्या प्रकारातही हृदयविकार, कर्करोग, बाळंतपणातील गुंतागुंत यांच्याकडे निदान अधूनमधून लक्ष जाते. साध्या जखमेकडे ते कधीच जात नाही. पायाची महिनोन्‌महिने न भरणारी जखम हा कोणाच्याच लेखी मोठा रोग नव्हे. ती साथीच्या तक्त्यात येत नाही, मृत्यूच्या नोंदीत क्वचितच येते आणि आमसभेत तिच्यावर प्रश्न विचारला जात नाही. तथापि ज्या घरात ती असते त्या घराचा एक हंगाम आणि कधी कधी एक पाय ती घेऊन जाते. शहरांतील मोठ्या रुग्णालयांत गेली दोन-अडीच दशके रुळलेली आणि आता खिशात मावेल इतकी लहान झालेली एक उपचारपद्धती या प्रश्नापुरती उपयोगी पडण्याजोगी आहे. ती कोणासाठी, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या खर्चाने आणावयाची, हा विचार डॉक्टरांइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

भाताच्या मुलखातील जखमा

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग मुसळधार पावसाचा आणि भातशेतीचा आहे. आषाढात चिखलणी व लावणी सुरू झाली की माणसे दिवसच्या दिवस गुडघाभर चिखलात उभी असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सडते आणि तेथूनच जंतूंना वाट मिळते. कापणीच्या वेळी विळ्याचे वार होतात, लाकूडफाटा तोडताना कोयता निसटतो, राब भाजताना पाय पोळतात. घोणशीसारख्या सापाच्या दंशातून वाचलेल्या माणसाच्या पायाचे मांस पुष्कळदा कुजून गळते आणि मागे मोठी उघडी जखम उरते. पूर्वेकडे पुणे-सातारा महामार्गावरील अपघातांची भर आहेच. त्यात आता मधुमेहाने नवे प्रकरण जोडले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा रोग केवळ शहरी सुखवस्तूंचा आहे ही समजूत केव्हाच मोडीत निघाली आहे. संवेदना हरपलेल्या पायात काटा मोडला तरी तो कळत नाही, आणि कळतो तेव्हा जखम हाडापर्यंत पोहोचलेली असते.

अशा जखमेवर घरी प्रथम दगडी पाल्याचा रस, हळद, क्वचित तंबाखू किंवा चुना यांचा प्रयोग होतो. त्यात बरेच दिवस जातात. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा भोरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि जखम खोल असल्यास अखेरीस पुणे, असा प्रवास सुरू होतो. शल्यचिकित्सक दुर्मिळ असणे हे यामागील उघड कारण होय, आणि ते केवळ या दोन तालुक्यांपुरते नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सर्जनांची तूट ८३ टक्क्यांच्या घरात होती.

न मोजलेला खर्च

शासकीय रुग्णालयात मलमपट्टी अल्प दरात वा विनामूल्य होते, हे खरे आहे. परंतु ज्याला 'मोफत' म्हटले जाते तो फक्त खर्चाचा रुग्णालयाच्या दारात दिसणारा भाग होय. अर्थशास्त्रात वैकल्पिक परिव्यय नावाची एक संकल्पना आहे. एखाद्या गोष्टीसाठी जे दुसरे काही सोडावे लागते ती तिची खरी किंमत, एवढाच तिचा अर्थ. मलमपट्टीची खरी किंमत या मापाने काढली पाहिजे.

एक साधा हिशेब मांडता येईल. समजा, वाडीवरील एका माणसाच्या पायाला मोठी जखम आहे आणि तिची पट्टी महिनाभर रोज बदलावयाची आहे. त्याला एकट्याला जाता येत नाही, म्हणून घरातील एक माणूस सोबत जातो. सोबत्याची दिवसाची मजुरी रोजगार हमीच्या २०२५-२६ मधील महाराष्ट्राच्या दराने, म्हणजे ३१२ रुपये धरली आणि दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च दिवसाला २०० रुपये मानला, तर ३० दिवसांत १५,३६० रुपये होतात. यात रोग्याची स्वतःची बुडालेली मजुरी धरलेली नाही, कारण तो घरी बसला तरी ती बुडणारच होती. आता पट्टी तीन दिवसांतून एकदा बदलावी लागली तर फेऱ्या १० होतात आणि खर्च ५,१२० रुपयांवर येतो. फरक १०,२४० रुपयांचा. कोणतेही औषध न बदलता, केवळ फेऱ्या कमी झाल्याने एवढी रक्कम घरात राहते.

एस. टी.च्या सवलतींनी यात काही फरक पडला आहे, नाही असे नाही. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. परंतु हिशेबातील मोठा आकडा तिकिटाचा नसून दिवसाचा आहे, आणि दिवसावर सवलत देता येत नाही. शिवाय कित्येक वाड्यांवर एस. टी. पोहोचतच नाही. धरणांच्या फुगवट्याने समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठीही लांबचा वळसा पडतो. लावणीच्या दिवसांत सोबत्याने बुडविलेला एक दिवस हा केवळ एका दिवसाच्या मजुरीएवढा नसतो. त्या आठवड्यात लावणी चुकली तर वर्षाचे भात चुकते. म्हणून घरोघरी जो निर्णय होतो तो अगदी तर्कशुद्ध असतो. चार दिवस पट्टीला जावयाचे, पाचव्या दिवशी राहू द्यावयाचे. डॉक्टर त्याला हलगर्जीपणा म्हणतात. वस्तुतः तो टंचाईतील माणसाचा काटकसरीचा हिशेब असतो, आणि त्याची वसुली पुढे जखम करते.

तुंबडी आणि पंप

फेऱ्या कमी करणारी जी पद्धती येथे अभिप्रेत आहे तिला वैद्यकात ऋणदाब उपचार म्हणतात. रुग्णालयांत ती 'व्हॅक ड्रेसिंग' या नावाने परिचित आहे. तिची कृती समजण्यास कठीण नाही. शल्यचिकित्सकाने मृत मांस काढून जखम स्वच्छ केल्यावर तिच्या मापाने कापलेला, सूक्ष्म छिद्रांच्या फोमचा तुकडा तीत बसवितात. त्यावर पातळ, पारदर्शक व चिकट पडदा त्वचेला सर्व बाजूंनी हवाबंद चिकटवितात. पडद्याला लहानसे भोक पाडून त्यावर नळी जोडतात. नळीचे दुसरे टोक एका छोट्या पंपाला असते. पंप आतील हवा ओढतो आणि जखमेवरील दाब बाहेरच्यापेक्षा सामान्यतः पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याने, कमी ठेवतो. जखमेतून पाझरणारा द्रव नळीवाटे डबीत जातो, सूज उतरते, कडा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि तळाशी लालसर, रक्ताळ नवे मांस धरू लागते. जखम ओलसर राहते, पण चिघळत नाही. ओलसर जखम कोरड्या खपलीखालच्या जखमेपेक्षा लवकर भरते हे जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले होते. मुख्य म्हणजे ही पट्टी रोज नव्हे, दोन-तीन दिवसांनी बदलावयाची असते.

शोषणाने शरीरातील दोष ओढून काढण्याची कल्पना या मातीला नवी नाही. गावोगाव हिंडणारे वैदू शिंगाची किंवा भोपळ्याची तुंबडी लावीत ते जुन्या पिढीने पाहिले आहे. सुश्रुताने रक्त काढण्यासाठी शृंग, अलाबू व जलौका, म्हणजे शिंग, भोपळा व जळू, यांचे वर्णन केले आणि व्रणाच्या चिकित्सेसाठी साठ उपक्रम सांगितले. म्हणून हा उपचार आपल्याकडे पूर्वीच होता असे म्हणून छाती फुगविण्याचे मात्र कारण नाही. तुंबडी घटकाभर लावून रक्त काढते. हा पंप अहोरात्र, मोजून ठरविलेल्या दाबाने, बंद पट्टीखाली चालतो. १९९३ मध्ये जर्मनीत फ्लाइशमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९९७ मध्ये अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या लुई अर्जेंटा व मायकेल मॉरिक्वास यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्जेंटा-मॉरिक्वास यांच्या लेखात ३०० जखमांचा अनुभव होता. त्यानंतर हे तंत्र जगभर पसरले.

आरंभीचे यंत्र खाटेशेजारी ठेवण्याचे होते. रोगी त्या यंत्राला आणि यंत्र भिंतीतील विजेला बांधलेले असे. पुढे ते खांद्याला अडकविता येऊ लागले. त्यानंतर बॅटरीवर सुमारे सात दिवस चालणारे, खिशात बसणारे आणि वापरून टाकून देण्याचे पंप आले. वीजच न लागणारा, स्प्रिंगच्या बळावर शोषण करणारा प्रकारही निघाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत असा स्प्रिंगचा पंप विजेच्या यंत्रापेक्षा कमी ठरला नाही. लहान जखमांपुरते हे खरे आहे. मोठ्या, फार पाझरणाऱ्या जखमेला मोठाच पंप लागतो.

पुरावा किती भक्कम?

नव्या यंत्राविषयी दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. एक म्हणते, हे चमत्कार घडविते. दुसरी म्हणते, हा कंपन्यांचा धंदा आहे. प्रत्यक्ष पुरावा या दोहोंच्या मध्ये आहे. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेहामुळे पायाचा काही भाग कापावा लागलेले १६२ रोगी होते. १६ आठवड्यांत ऋणदाबाच्या गटातील ५६ टक्क्यांच्या जखमा भरल्या, तर साध्या पट्टीच्या गटातील ३९ टक्क्यांच्या. फरक लक्षणीय आहे, परंतु ही चाचणी यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाली होती हेही नमूद केले पाहिजे. २०१८ साली कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने मधुमेही पायांवरील ११ चाचण्यांचा आढावा घेतला. उपचाराने जखमा भरण्याचे प्रमाण वाढत असावे, पण पुरावा कमी खात्रीचा आहे, असा त्याचा सावध निष्कर्ष होता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पायाच्या उघड्या अस्थिभंगाच्या ४६० रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षअखेर रोग्याच्या हालचालीत वा जंतुसंसर्गात दोन्ही गटांत काही फरक आढळला नाही. ज्या देशात रोज स्वच्छ पट्टी घरपोच मिळते तेथे यंत्राची आघाडी अगदी थोडी उरते, असा याचा एक अर्थ लावता येईल.

भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे आणि तो नीट मांडला पाहिजे. येथे तुलना यंत्र आणि रोजची उत्तम पट्टी यांच्यात नाही. तुलना यंत्र आणि चार दिवस झालेली व पाचव्या दिवशी चुकलेली पट्टी यांच्यात आहे. लंडन वा न्यूयॉर्कमधील चाचणी या तुलनेचे उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर येथेच शोधावे लागेल.

त्याचबरोबर एक मर्यादा प्रारंभीच मान्य केली पाहिजे. बहुसंख्य जखमांना यंत्राची गरज नसते. उकळून गार केलेले पाणी, स्वच्छ पट्टी, मधुमेहावर नियंत्रण, पायावर भार न देणे आणि धनुर्वाताची लस एवढ्याने त्या भरतात. उपकेंद्रातील परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी हे काम वाडीजवळ करू शकतात. पंप हवा तो खोल, रुंद, फार पाझरणाऱ्या आणि शस्त्रक्रियेने स्वच्छ केलेल्या मोजक्या जखमांसाठी. ज्या उपकेंद्रात साधी पट्टी संपलेली आहे तेथे पंप पाठविणे म्हणजे घराला छप्पर नसताना झुंबर टांगण्यासारखे होय.

घरी नेलेले यंत्र

यंत्र सुटसुटीत झाले म्हणजे ते निर्धोक झाले असे नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली या उपचाराविषयी धोक्याची सूचना दिली आणि २०११ साली तिची पुनरुक्ती केली. २००७ पासूनच्या काळात १२ मृत्यू व १७४ इजांच्या नोंदी त्याच्याकडे आल्या होत्या. रक्तस्राव हे सर्वांत गंभीर कारण होते आणि मृत्यूंपैकी बहुतेक रुग्णालयात नव्हे, तर घरी किंवा शुश्रूषागृहांत झाले होते. जखमेत रक्तवाहिनी उघडी असेल, हाडातील जंतुसंसर्गावर उपचार झालेला नसेल, कर्करोगाचे मांस असेल किंवा काळे, मेलेले मांस काढलेले नसेल तर हा उपचार करू नये, आणि रोगी रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर विशेष सावधगिरी बाळगावी, हे निर्बंध सर्वमान्य आहेत.

दुसरा धोका ग्रामीण भागाला विशेष लागू आहे. पंप बंद पडला आणि पट्टी तशीच राहिली तर हवाबंद पडद्याखाली द्रव साचतो व जंतूंना उबदार घर मिळते. म्हणून शोषण दोन तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास ती पट्टी काढून साधी पट्टी बांधावी, असा दंडक आहे. श्रावणातील एखाद्या रात्री वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही, हे घाटमाथ्यावर नवल नव्हे. विजेवर भारावयाचे यंत्र अशा घरी देणे हा आंधळा कारभार होईल. येथे स्प्रिंगचा किंवा हाताने दाबावयाचा पंपच योग्य, आणि त्याच्यासोबत घरातील एका माणसाला तीन गोष्टी शिकविणे अपरिहार्य आहे. नळीत लाल रक्त दिसले तर पंप ताबडतोब थांबवून जखम दाबून धरावयाची व दवाखाना गाठावयाचा, फोम फुगून वर आला तर दाब गेला असे समजावयाचे, आणि पट्टी दोन तासांत सुरू होत नसेल तर ती काढून टाकावयाची. पंपाची किंमत कितीही उतरली तरी हे शिकविणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारणाऱ्या परिचारिकेची किंमत उतरत नाही. उपचार खऱ्या अर्थाने ती करते.

मक्तेदारी आणि तीन डॉलरचा पंप

या यंत्राची किंमत इतकी का होती, याचे उत्तर पंपाच्या रचनेत मिळत नाही. फोम, चिकट पडदा, नळी आणि शोषण यांत असामान्य असे काहीच नाही. किंमत होती ती मुख्यतः स्वामित्वहक्काची. वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे हक्क घेऊन एका अमेरिकन कंपनीने हा बाजार दीर्घकाळ जवळजवळ एकहाती राखला. तिचा मूळ उद्योग २०१९ साली थ्री-एम कंपनीने कर्जासह सुमारे ६७० कोटी डॉलरना विकत घेतला. जखमेतून हवा ओढण्याच्या धंद्याची ही किंमत पाहिली म्हणजे तुंबडी भरणे या वाक्प्रचाराला नवा अर्थ प्राप्त होतो.

याची दुसरी बाजूही आहे. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डॅनिएल झुरोव्हचिक या संशोधक विद्यार्थिनीने प्लॅस्टिकच्या भात्यासारखा, हाताने दाबून सोडला की शोषण करणारा पंप तेथील जखमींवर वापरण्यासाठी नेला. त्याचा उत्पादनखर्च सुमारे ३ डॉलर होता. तेथे अडचण पंपाची आली नाही. अडचण आली ती पडदा हवाबंद चिकटविण्याची. घामट, केसाळ, वाकणाऱ्या अंगावर तो कोठेतरी सुटतो आणि दाब निघून जातो. स्वस्त यंत्राचे यश कारागिरीच्या हातावर अवलंबून असते, हा या प्रयोगाचा धडा होय. भारतातही वॉर्डातील भिंतीवरच्या शोषणयंत्राला साधा फोम व पडदा जोडून हे काम भागविण्याची प्रथा सरकारी रुग्णालयांत रूढ आहे, आणि मणिपालच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. प्रमोद कुमार यांनी थांबून थांबून ऋणदाब देणारी बंद पट्टी विकसित केली. म्हणजे ज्ञान देशात आहे. अद्यापि वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचलेली नाही ती व्यवस्था.

घाटाखालचा धडा

व्यवस्था पोहोचते कशी, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाडचा परिसर लागतो. तेथील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा माणसे, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत. डॉ. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रॅझोसीन ही स्वस्त गोळी या विषावर गुणकारी ठरते हे दाखवून दिले. १९८० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'ने छापले. दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि ही गोळी विंचूदंशावरील मान्य उपचार ठरली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेतील महत्त्वाचा भाग गोळीचा नव्हे. गोळी आधीच बाजारात होती. महत्त्वाचे होते ते रोग जेथे होतो तेथेच त्याची नोंद ठेवली जाणे आणि उपचार तेथल्याच माणसाच्या हाती व खिशाला झेपेल असा असणे. जखमांच्या बाबतीत हीच दोन कामे व्हावयाची राहिली आहेत.

काय करता येईल?

पहिले काम नोंदीचे. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या अवघी ५४,५१६ आणि भोरची १,८६,११६ होती. ज्या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे तो वेल्हे तालुका लोकसंख्येने जिल्ह्यात सर्वांत लहान होता. एवढ्या लहान भागात सहा आठवड्यांत न भरलेल्या प्रत्येक जखमेची नोंद ठेवणे अशक्य नाही. आशा कार्यकर्त्या बाळंतिणींची नोंद ठेवतात, क्षयरोग्यांचा पाठपुरावा करतात. त्यांच्या वहीत आणखी एक रकाना वाढवावा, मात्र त्याचा मोबदलाही वाढवावा. फुकटच्या श्रमावर उभारलेली योजना टिकत नाही.

दुसरे काम मालकीचे. पंप रोग्याला विकू नये आणि वाटूही नये. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे तो रुग्णालयाचा असावा, नोंदवून द्यावा व जखम भरल्यावर परत यावा. शोषणाचा भाग पुन्हा वापरण्याजोगा आणि फोम, पडदा, नळी व डबी एकदाच वापरण्याची, अशी रचना त्यासाठी लागेल. टाकून देण्याचे बॅटरीचे पंप या हिशेबात बसत नाहीत. जखमेचा द्रव लागलेला कचरा वाडीवर पुरला वा जाळला जाण्यापेक्षा पट्टी बदलताना तो रुग्णालयातच जमा झाला पाहिजे. रोग्याला शस्त्रक्रियेने स्वच्छ करून घेण्यासाठी पुण्यास एकदा जावे लागेल. त्यानंतरच्या पट्ट्या भोर, वेल्हे वा नसरापूर येथे झाल्या पाहिजेत.

तिसरे काम पैशाचे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांसारख्या योजनांचा मूळ आधार रुग्णालयात दाखल होणे हा आहे. त्यामुळे महिनाभर खाट अडवून पडलेल्या रोग्याचा खर्च हिशेबात येतो, आणि घरी राहून बरा होणाऱ्याचा येत नाही. ससूनसारख्या रुग्णालयात एक खाट महिनाभर आधी मोकळी झाली तर शासनाचेही पैसे वाचतात. ही बचत ज्या खात्यात होते त्या खात्यातून पंपाचा व परिचारिकेचा खर्च निघावा, हा साधा न्याय होय. किमतीबाबतही शासन हतबल नाही. २०१७ साली हृदयातील स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली गेली तेव्हा त्या मोठ्या प्रमाणावर उतरल्या. मुंबईच्या आयआयटीतील जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र आणि पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ यांच्यासारख्या संस्थांना हाताने चालणारा, पुन्हा वापरता येणारा, आणि चिखलात व घामात न सुटणाऱ्या पडद्याचा संच बनविण्याचे काम देता येण्यासारखे आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम परीक्षेचे. दोन वर्षे या दोन तालुक्यांत मोजक्या जखमांवर हा उपचार करावा आणि तेवढ्याच जखमांना वाडीजवळ नियमित साधी पट्टी मिळण्याची व्यवस्था करावी. मग जखम भरण्याचे दिवस, रक्तस्रावाच्या घटना, पुण्याच्या फेऱ्या आणि घराचा एकूण खर्च यांची तुलना करावी. कदाचित असे आढळेल की वाडीजवळची साधी पट्टी नियमित झाली तर पंपाची फारशी गरजच उरत नाही. तसे आढळले तर ते अपयश मानण्याचे कारण नाही. कारण मग वाडीजवळ नियमित पट्टी करणे हेच करावयाचे काम ठरेल, आणि ते आजपर्यंत झालेले नाही.

जखमी माणसाने शहरापर्यंत चालत यावे, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची जुनी, न बोललेली अट आहे. ज्याचा पायच जखमी आहे त्याला ही अट घालणे किती विपरीत आहे हे शहरात बसून ध्यानात येत नाही. पानशेतचे आणि भाटघरचे पाणी शंभर कोस वाहून नेण्यासाठी कालवे, नळ आणि पंप यांवर आजवर कितीतरी पैसा खर्च झाला व तो योग्यच होता. त्याच तालुक्यांत उलट दिशेने एक लहानसा पंप आणि त्याच्यासोबत एक जाणती परिचारिका पाठविण्यास किती खर्च येतो, याचा हिशेब एकदा तरी मांडला गेला पाहिजे. तो मांडला जात नाही तोवर येथल्या आरोग्याच्या प्रश्नावर जे काही होईल ते केवळ मलमपट्टीच ठरेल, आणि तीही पन्नास-साठ किलोमीटरवरची.